काचेच्या टाकीतील मासा नेमका किती वाढतो?

शहरातील शोभिवंत माशांच्या दुकानात पाऊल टाकले, की एक गोष्ट सहज लक्षात येते. मासा दक्षिण अमेरिकेतील असो, आफ्रिकेतील असो वा आग्नेय आशियातील, दुकानात तो साधारणतः बोटाएवढाच दिसतो. जणू काही निसर्गाने काचेच्या टाकीचे माप घेऊनच हे मासे घडविले आहेत. पालक मुलांच्या हट्टाखातर दोन-चार मासे घेतात. शाळा विज्ञानाच्या खोलीसाठी घेतात. दवाखान्याच्या आणि कचेरीच्या प्रतीक्षागृहातही एखादी टाकी येते. विकत घेताना माशाचा रंग पाहिला जातो, किंमत विचारली जाते, खाद्य कोणते ते समजून घेतले जाते. परंतु हा मासा पूर्ण वाढला म्हणजे केवढा होईल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

पुढची हकिगत सर्वांच्या परिचयाची आहे. मासा वाढू लागतो. दोन-तीन वर्षांत तो वीतभर, मग हातभर होतो. त्याला टाकीत वळताही येईनासे होते. पाणी लवकर गढूळ होते, सोबतचे लहान मासे नाहीसे होतात. अखेर एखाद्या रविवारी त्याला बादलीत घेऊन कोणीतरी जवळच्या तलावाकडे, ओढ्याकडे किंवा विहिरीकडे निघतो. त्याच्या मनात पाप नसते. एका जिवाला मोकळे पाणी मिळावे, एवढीच त्याची भावना असते. तथापि या एका बादलीने गावाच्या तलावाचे आणि त्यावर पोट असणाऱ्या मच्छीमारांचे किती नुकसान होऊ शकते, हे आता जगातील अनेक देशांना आणि आपल्या राज्यालाही अनुभवाने कळू लागले आहे. म्हणूनच ‘मासा किती वाढतो’ हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. तो शिक्षकांचा, ग्रामपंचायतीचा आणि शासकीय यंत्रणेचाही झाला आहे.

दुकानातील मासा म्हणजे पिल्लू

पहिली गोष्ट अशी की, दुकानात दिसणारा मासा बहुधा पूर्ण वाढलेला नसतो. मत्स्यव्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर ती ‘बोटुकली’ असते. व्यापाराच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. प्राणवायू भरलेल्या एका पिशवीत वीतभर लांबीचा एकच मासा कसाबसा नेता येतो. बोटुकल्या मात्र डझनांनी नेता येतात. लहान माशाला खाद्य कमी लागते, जागा कमी लागते आणि त्याची किंमतही ग्राहकाच्या आवाक्यात राहते. काही जातींचे रंग तर लहानपणीच अधिक आकर्षक असतात.

नेहमी विकल्या जाणाऱ्या काही माशांची पूर्ण वाढीची लांबी पुढे दिली आहे. दुकानात यांपैकी बहुतेक मासे ३ ते १० सेंटिमीटरचे असतात, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

गप्पी : नर सुमारे ३ सेंमी, मादी ६ सेंमीपर्यंत
निऑन टेट्रा : ३ ते ४ सेंमी
एंजल : १५ सेंमीपर्यंत
गोल्डफिश : १५ ते २० सेंमी, मोकळ्या पाण्यात ४० सेंमीच्या आसपास
क्लाउन लोच : ३० सेंमी
ऑस्कर : ३० ते ३५ सेंमी
बाला शार्क आणि टिनफॉइल बार्ब : ३५ सेंमी
सकर : ४० ते ५० सेंमी, काही जातींत त्याहून अधिक
जायंट गुरामी : ७० सेंमीपर्यंत
पॅकू : ८० सेंमीहून अधिक, वजन २५ किलोपर्यंत
पंगस : १३० सेंमीपर्यंत, वजन ४० किलोहून अधिक
रेड टेल कॅटफिश : १३० सेंमीच्या आसपास, वजन ५० किलोहून अधिक
अरापाइमा आणि अॅलिगेटर गार : अडीच मीटर व त्याहून अधिक

या यादीतील पॅकू आपणांस अपरिचित नाही. आपल्या बाजारांत ‘रूपचंद’ या नावाने विकला जाणारा खाण्याचा मासा तो हाच. मत्स्यशेतीच्या तळ्यात किलोकिलोने वाढणाऱ्या या माशाची पिल्ले काचेच्या टाकीसाठीही विकली जातात. पंगसचेही तसेच आहे. त्याची रुपेरी पिल्ले दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळतात. शार्कशी त्यांचा काहीही संबंध नाही. तीच जात मेकाँग नदीच्या खोऱ्यात माणसाच्या छातीइतकी लांब होते. म्हणजे जो मासा एकीकडे आपण खाण्यासाठी तळ्यात वाढवितो, तोच दुसरीकडे फूट-दीड फुटाच्या टाकीत शोभेसाठी ठेवू पाहतो.

मासा वाढतो तो कसा?

मनुष्य किंवा गाय यांची उंची विशिष्ट वयानंतर वाढत नाही. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग बंद होतो आणि वाढ थांबते. माशांच्या बहुसंख्य जातींत तसे होत नाही. मासा जगतो तोवर थोडाथोडा वाढतच असतो. मात्र ही वाढ सारख्या वेगाने होत नाही. आरंभीच्या काही वर्षांत ती झपाट्याने होते. मासा प्रजननक्षम झाला, की अन्नातील बराच भाग अंडी व बीज तयार करण्यात खर्च होतो आणि लांबी वाढण्याचा वेग मंदावतो. त्यापुढे ती एका विशिष्ट मर्यादेच्या जवळजवळ जात राहते. लुडविग फॉन बर्टालान्फी या ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये वाढीचे हे स्वरूप एका गणिती सूत्रात मांडले. मत्स्यशास्त्रात ते सूत्र आजही वापरले जाते. ही मर्यादा प्रत्येक जातीची वेगळी असते आणि ती मुख्यतः त्या जातीच्या आनुवंशिक घडणीने ठरते, टाकीच्या मापाने नव्हे.

माशाचे वय खवल्यांवरील वलयांवरून किंवा त्याच्या कानातील चुनखडीच्या खड्यावरून मोजता येते. झाडाच्या खोडावरील वलये मोजावीत, तसाच हा प्रकार आहे. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे तेथे बाजारातील रोहूचे एक खवले धुऊन विद्यार्थ्यांना दाखविल्यास हा पाठ सहज समजेल. कोठे वलये विरळ, कोठे दाट दिसतात. विरळ वलये चांगल्या वाढीच्या काळाची, दाट वलये थंडीच्या वा उपासमारीच्या काळाची खूण असते.

लांबीपेक्षाही वजनाचा हिशेब महत्त्वाचा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली, तर तो रुंदीने आणि उंचीनेही साधारण दुप्पट होतो. म्हणून त्याचे वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते. पाच सेंटिमीटरचा मासा चाळीस सेंटिमीटरचा झाला, तर लांबी आठपट झाली. वजन मात्र आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे सुमारे ५१२ पट झाले. खरेदीच्या वेळी दीड-दोन ग्रॅम भरणारा जीव किलोच्या घरात जातो. त्याला लागणारे खाद्य, प्राणवायू आणि त्याने टाकलेला मल, हे सारेच मग कितीतरी पटींनी वाढते. टाकी मात्र तीच असते.

‘टाकीएवढाच मासा’ हा समज

येथे पुष्कळ लोक एक आक्षेप घेतील. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो, लहान टाकीत ठेवला तर तो लहानच राहतो,’ असे दुकानदार सांगतात आणि तसे दिसतेही. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण त्याचा अर्थ मात्र उलटा लावला जातो.

लहान टाकीत मासा खुंटतो, याची कारणे अशी. मासा शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. अमोनिया विषारी असतो. नदीत वा मोठ्या तलावात तो विरून जातो आणि जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट या कमी घातक द्रव्यात रूपांतर करतात. चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत ही सोय अपुरी पडते. अमोनियाने कल्ल्यांना इजा होते, प्राणवायू घेण्याची शक्ती घटते, भूक मंदावते. सततच्या ताणामुळे माशाच्या रक्तात जी संप्रेरके वाढतात, त्यांचाही वाढीवर प्रतिकूल परिणाम होतो. हालचालीला वाव नसल्याने स्नायू नीट विकसित होत नाहीत, कधी पाठीचा कणा वाकतो. अशा माशास लहान मासा म्हणणे योग्य नव्हे. तो कुपोषित बालकासारखा खुंटलेला मासा होय. बालकाला अपुरे अन्न दिल्याने त्याची उंची खुंटली, तर ते घर त्याला पुरेसे आहे असे आपण म्हणत नाही.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. खुंटलेल्या माशाची वाढण्याची क्षमता नष्ट होत नाही. याचा पुरावा आपल्या मत्स्यशेतीतच आहे. आंध्र प्रदेशातील मत्स्यसंवर्धक रोहू व कटला यांची बोटुकली एका तळ्यात मुद्दाम दाटीने आणि कमी खाद्यावर जवळजवळ वर्षभर ठेवतात. तिची वाढ खुंटते. नंतर हीच खुंटलेली बोटुकली विरळपणे मोठ्या तळ्यात सोडून भरपूर खाद्य दिले, की ती झपाट्याने वाढते आणि मागील उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढते. मत्स्यशास्त्रात यास भरपाईची वाढ म्हणतात. मत्स्यशेतीला ही पद्धत लाभदायक ठरली आहे. परंतु हाच नियम टाकीतून तलावात सोडलेल्या परदेशी माशालाही लागू होतो. टाकीत वर्षानुवर्षे वीतभर राहिलेला मासा तलावात गेला, म्हणजे वीतभरच राहील, या भरवशावर कोणी राहू नये.

लांबीचे तीन अर्थ

‘हा मासा केवढा होतो’ या प्रश्नास निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी उत्तरे आढळतात आणि वाचक गोंधळून जातो. याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या शेवटापर्यंत मोजली, तर ती एकूण लांबी होय. शेपटीचा पर वगळून, तो जेथून सुरू होतो तेथपर्यंत मोजली, तर ती प्रमाण लांबी होय. संशोधक बहुधा प्रमाण लांबी देतात, कारण शेपटीचा पर तुटलेला वा झिजलेला असू शकतो. प्रमाण लांबी ४२ सेंटिमीटर असलेला सकर मासा शेपटीसह पन्नासच्या पुढे जातो.

दुसरे कारण असे की, कमाल लांबी आणि सर्वसाधारण लांबी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कमाल लांबी म्हणजे आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या माशाची लांबी. ती एखाद्याच भाग्यवान माशाची असते. सर्वसाधारण लांबी म्हणजे जाळ्यात नेहमी सापडणाऱ्या प्रौढ माशाची. तिसरे माप प्रौढत्वाच्या लांबीचे. कोणत्या लांबीला मासा अंडी घालू लागतो, हे त्यावरून कळते. टाकी विकत घेणाऱ्याने सर्वसाधारण लांबी पाहावी. परंतु तलावाची काळजी वाहणाऱ्याने प्रौढत्वाची लांबी अधिक पाहावी. कारण मासा राक्षसी झाला नाही, तरी अंडी घालण्याइतका झाला, की संकटास प्रारंभ होतो.

सकर माशाचा धडा

या सर्व गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील, तर ‘सकर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या माशाकडे पाहावे. टाकीच्या काचेवरील शेवाळ खातो म्हणून तो ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून लोकप्रिय आहे. काळपट अंगावर ठिपके वा नागमोडी रेषा, पोटाखालच्या बाजूस चकतीसारखे तोंड, आणि खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण तकट्यांचे कवच, ही त्याची लक्षणे. टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतील हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन, ओरिनोको आणि पाराना या नद्यांच्या खोऱ्यांतील होत. दुकानात तो पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. पूर्ण वाढल्यावर हातभर होतो. एका जातीत ७० सेंटिमीटरपर्यंतची नोंद आहे. विशेष असे की, त्याच कुळातील अँसिस्ट्रस हा मासा १० ते १५ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि शेवाळही तितकेच खातो. दोघेही दुकानात ‘सकर’ या एकाच नावाने विकले गेले, तर घेणाऱ्याची फसगत होते. ओळखण्याची सोपी खूण पाठीवरील परात आहे. टेरिगोप्लिक्थिसचा हा पर शिडासारखा उंच व लांब असून त्यात दहा किंवा त्याहून अधिक किरण असतात. अँसिस्ट्रसच्या परात ते त्याहून कमी असतात.

हा मासा मोकळ्या पाण्यात इतका यशस्वी का होतो? एक, त्याचे खाद्य सर्वत्र उपलब्ध असते. शेवाळ आणि तळाचा कुजका गाळ हेच त्याचे अन्न. दोन, पाण्यातील प्राणवायू कमी झाला, तर तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या अस्तरातून प्राणवायू घेतो. त्यामुळे सांडपाण्याने बिघडलेल्या पाण्यात, जेथे रोहू-कटला तग धरू शकत नाहीत, तेथे तो जगतो. जाळ्यातून काढून काठावर टाकलेला सकर कित्येक तास जिवंत राहतो तो याच कारणाने. तीन, कवच आणि ताठ काटे यांमुळे त्याला गिळू शकणारे शत्रू आपल्याकडे थोडे आहेत. चार, नर काठाच्या मातीत आडवी बिळे खणतो, मादी त्यांत अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर राखण करतो. अशा बिळांनी मातीचे काठ पोखरले जाऊन ढासळतात. ज्या गावांत मातीचे बांध असलेले पाझर तलाव आहेत, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

जगातील अनुभव काय सांगतो? मेक्सिकोतील इन्फिएर्निल्यो या मोठ्या जलाशयात चिलापी माशाची मासेमारी भरभराटीला आली होती. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे सकर कुळातील मासे वाढले. काही वर्षांतच जाळ्यांत चिलापीऐवजी हेच मासे मोठ्या प्रमाणात येऊ लागले. त्यांच्या काट्यांनी जाळी फाटली आणि हजारो कुटुंबांचे उत्पन्न घटले. बांगलादेशाने २०२३ मध्ये सकर माशाच्या आयातीवर, पैदाशीवर व विक्रीवर बंदी घातली.

आपल्या देशातही हे मासे आता नवीन राहिलेले नाहीत. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात त्यांचे अस्तित्व नोंदले गेले आहे. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सकर सापडल्याचे वृत्त आले. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून हा मासा ओळखण्याची पद्धत वापरून पूर्व घाटातील पाणवठ्यांत त्याचा व्यापक प्रसार झाल्याचे दाखवून दिले. आपल्या राज्यात भीमा नदीवरील उजनीच्या यशवंतसागर जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. ज्याला बाजारात भाव नाही असा मासा जाळ्यात गुंततो. त्याला सोडविताना हात रक्ताळतात, जाळे फाटते आणि दिवसाची मजुरी बुडते. तलावाचा ठेका घेऊन, कर्ज काढून मत्स्यबीज सोडणाऱ्या सहकारी संस्थेला हा तोटा परवडणारा नाही.

हे मासे कोठून आले? अॅमेझॉनहून पोहत ते उजनीला आलेले नाहीत. माणसाने आणल्याखेरीज ते येणे शक्य नव्हते. कोणाच्या टाकीतून, कोणाच्या पैदास केंद्रातून वा पुरात फुटलेल्या तळ्यातून ते बाहेर पडले असणार.

गोल्डफिश आणि गप्पी

सकर हा ओबडधोबड मासा. गोल्डफिश मात्र निरागस सौंदर्याचा नमुना मानला जातो. त्याची कथाही विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नगराच्या तळ्यात २०२१ मध्ये पाहणी केली असता फुटबॉलएवढे गोल्डफिश हाती लागले. त्यांपैकी एक सुमारे ३८ सेंटिमीटर लांब आणि पावणेदोन किलोहून अधिक वजनाचा होता. नगरप्रशासनाला पाळीव मासे तळ्यात सोडू नयेत, असे आवाहन करावे लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील व्हास नदीत सोडलेल्या गोल्डफिशच्या वंशजांपैकी काही जवळजवळ दोन किलोपर्यंत वाढले. त्यांपैकी एका माशाने वर्षभरात २३० किलोमीटरहून अधिक प्रवास केल्याचे संशोधकांना आढळले. गोल्डफिश तळाचा गाळ उकरून खातो; पाणी गढूळ होते, सूर्यप्रकाश आत पोहोचत नाही आणि पाणवनस्पती मरतात. वाटीएवढ्या काचपात्रात वर्ष-सहा महिन्यांत मरणारा मासा आपण पाहतो आणि त्याचे आयुष्यच एवढे, असे समजतो. वस्तुतः योग्य जागा मिळाल्यास तो दहा-वीस वर्षे जगतो.

यावरून लहान मासे मात्र निर्धोक, असा निष्कर्ष काढणेही बरोबर नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागामार्फत दिले जाणारे गप्पी मासे प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला ठाऊक आहेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील व त्रिनिदाद बेटावरील. तो सहा सेंटिमीटरच्या पुढे वाढत नाही. परंतु तो पिल्ले जन्माला घालतो आणि संख्येने झपाट्याने वाढतो. बंदिस्त हौद, बांधकामावरील पाण्याची टाकी, वापरात नसलेली विहीर अशा ठिकाणी त्याचा उपयोग आहे. मात्र ओढे, नद्या आणि जिवंत झरे यांत तो सोडू नये, कारण तेथील स्थानिक लहान मासेही डासांच्या अळ्या खात असतात आणि गप्पी त्यांच्याशी स्पर्धा करतो. म्हणजे लांबी हा धोक्याचा एक निकष झाला. पाण्यात टिकण्याची आणि पिल्ले वाढविण्याची शक्ती हा दुसरा.

काय करता येईल?

शाळांनी आणि कचेऱ्यांनी टाकी घेण्यापूर्वीच हिशेब करावा. एक ढोबळ नियम असा : टाकीची लांबी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीच्या निदान चौपट आणि रुंदी निदान दीडपट असावी. नेहमीची शालेय टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असते. तिचे घनफळ ५४ लिटर होते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी उरते. या टाकीत १५ सेंटिमीटरहून मोठा होणारा मासा ठेवणे युक्त नव्हे. चाळीस सेंटिमीटरच्या माशाला तीस सेंटिमीटर रुंदीत वळताच येणार नाही, हे पाचवीतील विद्यार्थीही पट्टी हातात घेऊन सांगू शकेल. अशा टाकीसाठी गप्पी, निऑन टेट्रा किंवा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील चार-पाच सेंटिमीटरचा झेब्रा दानिओ असे मासे निवडावेत. शिक्षकांनी दर महिन्यास माशाची लांबी काचेबाहेरून मोजून वर्गाच्या आलेखावर मांडली, तर वाढीचा वरील सिद्धान्त विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

मासा टाकीत मावेनासा झाला, तर तो दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी पाळणाऱ्यास द्यावा. तो आजारी वा जायबंदी असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. कोणत्याही परिस्थितीत तो नदी, तलाव, विहीर, गटार किंवा देवळाची पुष्करणी यांत सोडू नये. ज्यांच्या अंगणात शोभेचे तळे आहे, त्यांनी पावसाळ्यात ते ओसंडून पाणी ओढ्याला मिळणार नाही, अशी व्यवस्था करावी आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तोंडावर जाळी बसवावी.

ग्रामपंचायतींकडे यासाठी एक साधन उपलब्ध आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावतलावातील स्थानिक माशांबरोबरच उपऱ्या माशांचीही नोंद या वहीत व्हावी. मरळ, वाम यांसारखे मासे पूर्वी किती मिळत, आता किती मिळतात, अनोळखी मासा प्रथम केव्हा दिसला, हे गावातील वृद्ध मच्छीमार सांगू शकतात. ही माहिती लिहून ठेवली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच जाईल. मत्स्यबीज घेताना त्यात परका मासा मिसळलेला नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी ठेकेदार संस्थेने आणि पंचायतीने मिळून घ्यावी. आफ्रिकन मागुराचे उदाहरण समोर आहे. केंद्र शासनाने २००० मध्ये त्याच्या संवर्धनास मनाई केली, तरीही त्यानंतर अनेक वर्षे चोरट्या मार्गाने त्याची शेती चालूच राहिली आणि ती तळी नष्ट करण्यासाठी यंत्रणेला वारंवार कारवाई करावी लागली.

अनोळखी मासा जाळ्यात आला, तर तो परत पाण्यात टाकू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी पट्टी किंवा माप माहीत असलेली वस्तू ठेवावी, पाठीवरील पराचे किरण मोजावेत, स्थळ व दिनांक लिहावा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे. एखादा मासा दिसताच कळविले, तर उपाय शक्य असतो; जलाशयात त्याची तिसरी पिढी वाढू लागली, म्हणजे त्याला समूळ काढून टाकणे जवळजवळ अशक्य होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास दिलेला आहे. परंतु कायद्याचा हात प्रत्येक घरातील टाकीपर्यंत पोहोचू शकत नाही. तेथे पोहोचतो तो शिक्षक आणि त्याचा विद्यार्थी.

दुकानात उभे असताना विचारलेला एक साधा प्रश्न, ‘हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल?’, पुढचे सारे टाळू शकतो. उत्तर समाधानकारक नसेल, तर पिशवी परत करावी. दोन-तीन वर्षांनी बादली घेऊन तलावाकडे जाण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे आणि त्यात माशाचे, तलावाचे व तलावावर जगणाऱ्या कुटुंबांचे, तिघांचेही हित आहे.